कृष्णविवराभोवतीचा उजेड कमीजास्त का होतो?



दिवाळीची अमावास्या आहे असे समजा. लक्ष्मीपूजन आटोपले आहे, फटाक्यांचा आवाज मागे गावात राहिला आहे आणि आपण गावाबाहेर खळ्यावर येऊन उभे आहोत. शहापूरकडचे असाल तर माहुलीचा डोंगर, मुरबाडकडचे असाल तर सह्याद्रीची भिंत, अंधारात नुसती काळी रेघ दिसते आहे. आता पश्चिमेला तोंड करा आणि बरेच वर पाहा. एका ओळीत तीन तारे दिसतील. मधला ठळक, दोन्ही बाजूंचे फिके. हा श्रवण आणि ही त्याची कावड. आजीने कधीतरी दाखवली असेलच. आता हात सरळ लांब करून मूठ धरा आणि श्रवणापासून मावळतीच्या अंगाला एक मूठ अंतर मोजा. तिथे काय दिसते?

काहीच नाही. पण आपल्या डोळ्यांना क्ष-किरण दिसत असते, तर १९९२ पासून २०१८ पर्यंतच्या कोणत्याही दिवाळीत त्या जागी एक दिवा दिसला असता, आणि मोठा विचित्र दिवा. कधी तो बराच वेळ स्थिर राही. कधी पाऊण-पाऊण मिनिटाने भडके आणि पडे. कधी एकाएकी मंद होई. त्या ठिकाणी, सुमारे २८,००० प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या बारापट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. शास्त्रज्ञांनी त्याला जीआरएस १९१५+१०५ असे रुक्ष नाव दिले आहे. नाव रुक्ष असले तरी उपयोगाचे आहे. त्यातले आकडे म्हणजे त्याचा आकाशातला पत्ता.

आता वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "गुरुजी, कृष्णविवरातून उजेडही बाहेर पडत नाही म्हणता, मग हा उजेड कुणाचा? आणि तो कमीजास्त का होतो?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. जी वस्तू दिसतच नाही तिच्याविषयी इतक्या खात्रीने बोलायचे कशाच्या जोरावर? या उत्तराचा इतिहास साठ वर्षांहून थोडा मोठा आहे, आणि त्यात मुंबईच्या कुलाब्यातल्या लोकांचाही वाटा आहे. तोच आज सांगावयाचा आहे.

क्ष-किरण रन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली शोधून काढले. हात मोडला की तालुक्याच्या दवाखान्यात ज्यांनी फोटो काढतात, तेच हे किरण. मांसातून ते पार जातात, म्हणून पुष्कळांना वाटते की हवेतून तर सहजच येत असतील. तसे नाही. आपल्या डोक्यावर जी हवा आहे तिचे एकूण वजन दहा मीटर खोल पाण्याएवढे भरते. तळाला बसलेल्या माणसाला विहिरीबाहेरचे जग जसे दिसत नाही, तसे आपल्याला आकाशातले क्ष-किरण दिसत नाहीत. ते पाहायचे तर विहिरीतून वर यायला हवे.

ते पहिले वर येणे १९६२ च्या जूनमध्ये घडले. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अग्निबाण सोडला. चंद्रावरून क्ष-किरण येतात का, हे पाहण्याचा त्यांचा हेतू. उपकरणाला हवेच्या वर मिळाली जेमतेम पाच-सहा मिनिटे. तेवढ्यात चंद्राचे काही कळले नाही, पण वृश्चिक राशीच्या दिशेने क्ष-किरणांचा लोटच्या लोट येताना सापडला. शोधायला गेले एक आणि हाती लागले दुसरे! या कामासाठी जाकोनींना पुढे २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे हे काम लवकरच सुरू झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी १९६८ साली हैदराबादहून प्रचंड फुगे सोडून क्ष-किरणांची मोजणी आरंभिली. प्लास्टिकच्या पातळ कागदाचा तो फुगा तीस-चाळीस किलोमीटर उंच जातो, काही तास वर राहतो, आणि मग उपकरण छत्रीच्या साह्याने खाली उतरते. कुठे उतरेल ते वाऱ्यावर अवलंबून. म्हणून हैदराबादहून फुगे उडायचे असले, की मराठवाड्या-विदर्भाकडच्या गावांना सूचना दिली जाते, की शेतात असे काही सापडले तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. आकाशाच्या अभ्यासाचा शेवटचा टप्पा असा एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर पार पडतो. पुढे १९७५ साली सुटलेल्या आर्यभट या आपल्या पहिल्या उपग्रहातही क्ष-किरणांचे उपकरण होते. वीजपुरवठ्यात बिघाड झाल्याने ते थोडेच दिवस चालले, पण वाट पडली.

आता कृष्णविवराकडे वळू. श्रवणाच्या उत्तरेला, आकाशगंगेच्या पट्ट्यात पंख पसरलेला हंस दिसतो. त्या हंसातून क्ष-किरण येतात हे १९६४ साली अग्निबाणांच्या मोजणीत आढळले. या जागेला हंस क्ष-१ म्हणू. १२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, केनियाच्या किनाऱ्याजवळून एक उपग्रह सोडण्यात आला. त्याचे नाव उहुरू. स्वाहिली भाषेत याचा अर्थ स्वातंत्र्य. केवळ क्ष-किरणांनी आकाश पाहण्यासाठी पाठवलेला हा पहिला उपग्रह. त्याने पाहिले, की हंस क्ष-१ चा उजेड सेकंदाच्या अगदी लहान भागातही वरखाली होतो आहे.

यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. तारे तर रोजच लुकलुकतात. पण ती लुकलुक आपल्या हवेची. उपग्रह हवेच्या वर आहे. त्याला दिसलेली लुकलुक त्या वस्तूची स्वतःची असते, आणि त्यावरून वस्तूचे आकारमान काढता येते. ते कसे ते पाहा. म्हसाच्या जत्रेत एक किलोमीटर लांब दुकानांची रांग आहे आणि प्रत्येक दुकानात एक कंदील आहे. या टोकाकडून हुकूम सुटला, "दिवे मालवा!" हुकूम घेऊन पोऱ्या धावत निघाला. त्याला रांग पार करायला पाच मिनिटे लागत असतील, तर सगळी रांग पाच मिनिटांच्या आत अंधारी होऊ शकत नाही. दूरच्या टेकडीवरून पाहणाऱ्याने नुसते घड्याळ लावले, तरी पोऱ्याचा वेग माहीत असल्यास त्याला रांगेची लांबी कळेल. विश्वातला सर्वांत वेगवान पोऱ्या म्हणजे प्रकाश. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो ३०० किलोमीटर जातो. मुंबई ते मनमाड रेल्वेचे अंतर सुमारे २६० किलोमीटर आहे, त्याहून थोडे अधिक. म्हणजे एखाद्या वस्तूचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागात ठळकपणे बदलत असेल, तर उजेड देणारा भाग मुंबई-मनमाडहून फारसा मोठा असणे शक्य नाही. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर आहे. त्याच्यापेक्षा हजारोपट उजेड देणारी ही वस्तू एवढ्याशा जागेत बसते! घड्याळाने माप घेता आले ते असे.

इथे इतिहासात एक चूक झाली, आणि ती शिक्षकांनी मुद्दाम सांगण्याजोगी आहे. उहुरूच्या नोंदी पाहून ओडा या जपानी शास्त्रज्ञांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७१ साली वाटले, की हा उजेड सेकंदाला तेरा-चौदा वेळा नियमित ठोके देतो. पुढच्या मोजण्यांत तो ठोका टिकला नाही. टेरेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवून दिले, की नुसत्या अनियमित भडक्यांची रास केली तरी तिच्यात थोडा वेळ ताल असल्याचा भास होतो. याचा अनुभव तुम्हा-आम्हाला आहेच. कौलांवर पावसाचे थेंब पडत असतात, आणि रात्री पडल्या पडल्या त्यात आपल्याला ठेका ऐकू येऊ लागतो. ठेका आपल्या कानातला, पावसातला नव्हे. या दुरुस्तीला महत्त्व होते. न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती फिरतो आणि घड्याळासारखे ठोके देऊ शकतो. त्याला घट्ट पृष्ठभाग असतो. कृष्णविवराला पृष्ठभागच नाही, मग ठोका कुठून येणार?

परंतु ठोका नाही एवढ्यावरून कृष्णविवर सिद्ध होत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याचा उजेडही अनियमितपणे हलतो. पुरावा हवा होता वजनाचा. तिथेही उजेडाच्या चढउतारानेच मदत केली. १९७१ च्या मार्च-एप्रिलमध्ये हंस क्ष-१ चे मऊ, म्हणजे कमी शक्तीचे क्ष-किरण बरेच घटले आणि त्याच सुमारास त्या भागात रेडिओलहरी उमटू लागल्या. रेडिओ दुर्बिणीने जागा नेमकी सांगितली, आणि तिथे एक निळा तारा सापडला. इंग्लंडात वेब्स्टर व मर्डिन यांनी, कॅनडात बोल्टन यांनी त्याचे निरीक्षण केले. तो ५.६ दिवसांत कुणा न दिसणाऱ्या सोबत्याभोवती फेरी घेत होता. फेरीच्या वेगावरून सोबत्याचे वजन निघाले आणि ते न्यूट्रॉन ताऱ्याला शक्य असलेल्या वजनाच्या फार पुढचे होते. २०२१ सालच्या मापनाप्रमाणे ते सूर्याच्या सुमारे २१ पट आहे. तरी शंका लगेच फिटली नाही. स्टीफन हॉकिंग यांनी तर १९७४ मध्ये पैज लावली होती की हे कृष्णविवर नाही. १९९० साली त्यांनी हार कबूल केली.

याच काळात हा विषय मराठी घरांत शिरला. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने एक कथा पाठवली. कथेचे नाव होते 'कृष्णविवर'. तिला पहिले बक्षीस मिळाले.

आता मूळ प्रश्न. उजेड कुणाचा? तो कृष्णविवराचा नाहीच. सोबतच्या ताऱ्यातला वायू ओढला जातो आणि सरळ न पडता गोल गोल फिरत आत सरकतो. त्याची एक चपटी तबकडी होते. आतली कडी वेगाने फिरतात, बाहेरची सावकाश. त्यांच्या घर्षणाने वायू तापतो. आतल्या बाजूला तापमान एक कोटी अंशांच्या घरात जाते, आणि एवढा तापलेला वायू क्ष-किरणच फेकणार. त्याशिवाय अगदी आत, कृष्णविवराजवळ, शंभर कोटी अंशांपर्यंत तापलेल्या विरळ वायूचा एक ढग असतो. तो तबकडीच्या मऊ किरणांना धक्के देऊन कडक करतो. पडणारा पदार्थ असा जळतो, की सूर्यातल्या हायड्रोजनमधून हजारात सात भाग ऊर्जा निघते, तर इथे हजारात साठ भाग तरी निघते. मरताना दिलेली ही हाक म्हणजेच तो उजेड.

मग तो कमीजास्त होण्याचे कारण उघड आहे. पदार्थ सारख्या मापाने पडत नाही. गिरणीच्या बाहेर रस्त्यावर उभे राहा. आत काय चालले आहे ते दिसत नाही, पण नुसत्या घरघरीवरून कळते की भात भराभर पडते आहे, अडकले आहे, की संपले आहे. शास्त्रज्ञ असे रस्त्यावर उभे आहेत. फरक एवढाच, की गिरणीत एकाच नव्हे, चार-पाच कारणांनी आवाज बदलतो. ती कारणे क्रमाने घेऊ.

पहिले कारण मोसमी स्वरूपाचे. काही ठिकाणी सोबती तारा वायू थोडाथोडाच देतो. तो तबकडीत साठत राहतो, थंड असतो, म्हणून पुढे सरकत नाही. साठा वाढून तापमान काही हजार अंशांवर गेले, की हायड्रोजनचे अणू फुटू लागतात, घर्षण एकदम वाढते आणि वर्षानुवर्षांचा साठा काही आठवड्यांत आत कोसळतो. हंसातच असलेला व्ही ४०४ हा तारा १९३८, १९८९ आणि २०१५ साली असा भडकला. मधली वर्षे तो जवळजवळ गप्प होता.

दुसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, कारण सेकंदाच्या आतली सगळी थरथर त्याने समजते. मुरबाडकडच्या उतारावरची भातखाचरे डोळ्यांसमोर आणा. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात, खालच्यातून त्याखालच्यात उतरते. वरच्या मोठ्या खाचरात पाणी सावकाश वाढते आणि घटते. खालच्या लहान खाचराला हा चढउतार तर मिळतोच, शिवाय त्याचा स्वतःचा जलद चढउतार त्यावर चढतो. असे होत होत सर्वांत खालच्या बांधावरून जे पाणी पडते, त्यात वरच्या सगळ्या खाचरांचा हिशेब असतो. तबकडीतही असेच. बाहेरच्या कड्यातली घर्षणाची गडबड सावकाश आत येते, आतली कडी तिच्यावर आपली जलद गडबड चढवतात. ही कल्पना १९९७ साली ल्युबार्स्की यांनी मांडली. तिची एक चाचणी आहे. मऊ किरण मुख्यतः बाहेरच्या कड्यांतून येतात, कडक किरण आतून. म्हणजे तीच लाट मऊ किरणांत आधी दिसायला हवी, कडक किरणांत थोडी मागून. ही चाचणी पुढे आपल्या उपकरणाने कशी केली ते सांगतोच.

तिसरे कारण आड येण्याचे. हंस क्ष-१ च्या निळ्या ताऱ्यातून सुटणाऱ्या वाऱ्यात वायूचे गोळे असतात. ते आपल्या आणि दिव्याच्या मधे आले की उजेड काही वेळ दबतो. दिवा तोच, मधून माणूस गेला. चौथे कारण डोलण्याचे. फिरते कृष्णविवर आजूबाजूचे अवकाशही ओढत असते आणि त्यामुळे आतला तप्त वायू भोवऱ्यासारखा डोलतो, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. त्यातून जवळजवळ नियमित, पण पुरता नियमित नसलेला हेलकावा दिसतो. पाचवे कारण बांध फुटण्याचे, आणि त्यासाठी परत श्रवणाजवळ यायला हवे.

जीआरएस १९१५+१०५ सापडले १९९२ च्या ऑगस्टमध्ये, ग्रॅनॅट या रशियन उपग्रहाला. २१ मार्च १९९६ रोजी श्रीहरिकोट्याहून आयआरएस-पी३ हा आपला उपग्रह गेला. त्याचे मूळ काम पृथ्वीकडे, शेतीकडे, समुद्राकडे पाहण्याचे. पण त्यावर टाटा संस्था आणि इस्रो यांनी मिळून बनवलेले क्ष-किरणांचे एक लहान उपकरणही होते. वर्षातले थोडे दिवस उपग्रह आकाशाकडे वळवायचा आणि त्याला काम द्यायचे. जून १९९७ मध्ये पी. सी. अग्रवाल, ए. आर. राव, विश्वजित पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पाहिले, की हा उजेड सुमारे ४५ सेकंदांनी पुनःपुन्हा भडकतो. आणि भडकण्याची रीत उलटी. स्फोट झाला तर उजेड झटकन वाढतो आणि हळूहळू ओसरतो, आपल्या दिवाळीतल्या झाडासारखा. इथे उजेड सावकाश चढे आणि शिगेला पोचला की झटकन पडे.

खाचर हळूहळू भरते आणि बांध फुटला की एकदम रिकामे होते, तसेच हे. पदार्थ फार वेगाने येऊ लागला की तबकडीच्या आतल्या भागात किरणांचाच दाब वायूच्या दाबाहून वरचढ होतो. मग तो भाग स्थिर राहू शकत नाही. भरतो, तापतो, रिता होतो, पुन्हा भरतो. इटलीचे बेलोनी आणि त्यांचे सहकारी यांनीही १९९७ मध्ये अमेरिकन उपग्रहाच्या नोंदींवरून हेच भरणे-रिते होणे दाखवले.

मुंबईच्या मंडळींनी आणखी एक पाऊल टाकले. ते म्हणाले, न्यूट्रॉन तारा असता तर पडलेला पदार्थ त्याच्या पृष्ठभागावर आदळून आणखी उजेड देता. इथे तो उजेड झटकन नाहीसा होतो. कदाचित पदार्थ कृष्णविवराच्या सीमेपलीकडे जाताना आपण पाहत आहोत. त्यांच्या १९९८ च्या निबंधाच्या शीर्षकात 'संभाव्य पुरावा' असा शब्द आहे. हा 'संभाव्य' मला फार मोलाचा वाटतो. भरल्या खाचरातले पाणी नाहीसे झाले ते दिसले, पण ते सगळे जमिनीत मुरले की काही बांधावरून उडाले, हे वेगळे पाहावे लागते. आणि खरोखरच, अशा चढउतारांच्या काळात काही पदार्थ प्रचंड वेगाने बाहेर फेकला जातो, हे रेडिओ दुर्बिणींनी त्याच सुमारास दाखवले.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट हा केवळ आकाशासाठीचा आपला उपग्रह सुटला. त्यावरची क्ष-किरणांची तीन मोठी मोजणीयंत्रे कुलाब्यात तयार झाली. प्रत्येक किरण कधी आला ते ही यंत्रे सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत टिपत. पुण्याच्या आयुकातील रणजीव मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हंस क्ष-१ च्या नोंदी तपासल्या. कडक किरण मऊ किरणांच्या मागून येत होते. वरचे खाचर आधी, खालचे मागून! श्रवणाजवळच्या कृष्णविवरातून सेकंदाला सुमारे सदुसष्ट वेळा येणारा हेलकावाही याच यंत्रांनी तपासला. तो ६७ आणि ७२ यांच्या दरम्यान सरकतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. तो मुळात कशाने होतो यावर अजून एकमत नाही. मुलांना हेही सांगावे. सगळे कळले आहे असे सांगितलेले शास्त्र मुले पाठ करतात. अर्धे राहिले आहे असे सांगितले, तर एखादा ते पुरे करायला निघतो.

२०१८ पासून तो दिवा मंदावला आहे. तो पुरता विझला नाही. बराचसा उजेड मधे आलेल्या दाट वायूने अडवला असावा, असे दिसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एका मुलाला खोलीत कंदील घेऊन बसवा, दार लावा, फटीतून येणारा उजेड बाहेरच्यांना पाहू द्या. आतल्याने वात वरखाली करावी, मधूनच हात आडवा धरावा. बाहेरच्यांनी घड्याळ लावून नोंद करावी आणि मग सांगावे, आत काय झाले असेल. एक गट म्हणेल वात खाली केली, दुसरा म्हणेल हात आडवा आला. दोघांना विचारा, "कशावरून?" आणि मग दार उघडा. कृष्णविवराचे दार कुणाला उघडता येत नाही, म्हणून तिथे "कशावरून?" हा प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागतो, एवढाच काय तो फरक. आणि दिवाळीला मुले खळ्यावर आली, की श्रवणाची कावड दाखवून मावळतीकडची ती मूठभर जागा तेवढी त्यांना मोजायला लावा.